टाके न घालणारे डॉक्टर

मंठ्याच्या बाजारात आमचे डॉक्टर कुणालाही अडवायचे. "धोतर वर घ्या, बघू द्या," म्हणायचे आणि भर गर्दीत वाकून जुना व्रण अंगठ्यानं दाबून बघायचे. एकाहत्तरच्या लढाईत ते लष्कराच्या तंबूतल्या दवाखान्यात होते. घाईनं टाके घातलेली जखम आतून सडते आणि धुऊन उघडी ठेवलेली भरून येते, याचा त्यांनी तिथं अभ्यास केला होता. आता तो आमच्यावर चालू होता. कुऱ्हाड लागो की विळा, चार-पाच दिवस टाका न्हाई म्हणजे न्हाई.

माझ्या चुलत्यांच्या मांडीत बैलाचं शिंग घुसलं. डॉक्टरांनी नुसती पट्टी बांधली म्हणून चुलते चिडले आणि दुसरीकडून टाके घालून आले. तिसऱ्या दिवशी ते तापानं फणफणले.

हे कळताच डॉक्टर न बोलावता आले. ते आमच्याच गावच्या बौद्ध वस्तीतले. त्यांच्या वडिलांना आमच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून बोलावं लागायचं. हे सरळ माजघरात शिरले.

"कोणाला इचारून आत आलास?" चुलते कण्हत म्हणाले.

"तुमच्या पायाला इचारून," डॉक्टर म्हणाले आणि कात्रीनं सगळे टाके उसवले. भळभळा पू वाहिला.

दोन महिन्यांनी बाजारात त्यांनी चुलत्यांना अडवलं. "धोतर वर घ्या."

लोक थांबून बघायला लागले. चुलत्यांनी एक सणसणीत शिवी हासडली आणि धोतर वर घेतलं.