ईशाने डोळे का मिटले

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच — तिने आमच्या शाहपुऱ्यातल्या घराघरांत माझ्या पीएच.डी.चे पेढे वाटले आहेत. मग तुम्हालाच का सांगते आहे? कोण जाणे. पण आता सांगतेच.

माझा विषय होता मुलांचा खेळ. इंद्रपुरीतल्या एका हिंदी शाळेत मी टच टेबल नेऊन ठेवलं होतं. कॅरमबोर्डाएवढा आडवा स्क्रीन, त्यावर बोटाने सरकवायचे चित्राचे तुकडे. चार-चार मुलं भोवती उभी राहून चित्र जुळवायची. ती एकमेकांना कशी मदत करतात, हे मला पाहायचं होतं. एका तुकड्यावर दोघांची बोटं पडली की टेबल आपोआप नोंद करायचं — ओढाताण. हा नियम माझाच होता. आणि काय तो मला त्याचा अभिमान!

नगमा आणि ईशा, तिसरीतल्या मैत्रिणी. त्यांच्या नावावर जवळजवळ प्रत्येक तुकड्याला ओढाताण. मी टेबलावरच्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ न बघताच शाळेच्या अहवालात लिहून टाकलं — या दोघींना एकत्र काम जमत नाही. वेळ नव्हता, असं म्हणू? वेळ होता. कंटाळा आला होता.

आठवड्याभराने, चहा पिताना, तो व्हिडिओ मी सहज लावला. चहा तसाच राहिला.

नगमाचा हात थरथरतो. तिने तुकडा धरला की तो अर्ध्या वाटेत निसटायचा. मग ईशा आपलं बोट तिच्या बोटाशेजारी टेकवायची, आणि दोघी मिळून तुकडा सरकवायच्या. हळू, अगदी हळू. पण ईशाचे डोळे — ते मिटलेले होते! दर वेळी. मी पुन्हा पाहिलं, आवाज वाढवला. एका मुलाने तिला विचारलंच, "आँख क्यों बंद करी?"

"देखूँगी तो मेरा वाला हो जाएगा ना," ईशा म्हणाली.

आठ वर्षांची पोर! तुकडा कुठे जायचा ते नगमाने ठरवायचं, आपण फक्त जोर द्यायचा. डोळे उघडे राहिले तर बोट आपल्याच मनासारखं वळेल, हे तिला कुणी शिकवलं? माझे डोळे भरून आले. मदत म्हणजे काय, यावर मी ढीगभर वाचलं होतं, पण इतकी नितळ मदत ना कुठे वाचली होती, ना मला कधी करता आली होती. तो तुकडा जागेवर बसल्यावर नगमाने मारलेली उडी मी किती वेळा पाहिली, सांगता येणार नाही.

आणि मग? मग मी लॅपटॉप मिटला.

हे खरं मानलं तर माझा नियमच खोटा ठरत होता. सगळे तक्ते पुन्हा करावे लागले असते, प्रबंध लांबला असता. पण ते राहू दे — शाळेला दोन ओळींचा मेल तरी? तोही मी केला नाही. माझा अहवाल वाचून मोठ्या बाईंनी दोघींना वेगवेगळ्या वर्गांत टाकलं. तसं त्यांनी फोन करून सांगितलं, आभारही मानले. मी ते घेतले.

पदवी मिळाल्यावर प्रबंधाची प्रत द्यायला मी शाळेत गेले. टेबलाशी नगमा होती, तिच्या नव्या वर्गातल्या तिघांबरोबर. मुलं चटपटीत आणि गुणी. नगमाच्या वाटणीचे तुकडेही ती तिघंच पटापट लावत होती. नगमाने दोन्ही हात पाठीमागे बांधले होते.

"देखिए मैडम," तिच्या टीचर कौतुकाने म्हणाल्या, "अब बिल्कुल झगड़ा नहीं होता."

नगमाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला सगळं माहीत होतं. मी हसले आणि म्हणाले, "बहुत बढ़िया."