लाल म्हैस कुठून आली

नलूआत्या आज सकाळी गेली.

तिचं एक गाणं जबलपूरच्या गल्ल्यांमध्ये अजून चालू आहे. ते तिचं आहे, हे घरच्यांशिवाय फारसं कोणाला माहीत नाही.

म्हणून लिहून राहिले.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण. लग्न करून नागपूरहून जबलपूरच्या कांचघर भागात आली. आतोबा फॅक्टरीत होते. मुलगा एकच, मनोहर. आमचा मनूदादा.

मनूदादा बोलताना अडखळायचा. त्यात 'म' फार छळायचा. आणि नावच 'म'पासून.

शाळेत घालायला नेलं तेव्हा सरांनी नाव विचारलं. तो पहिल्या अक्षरावरच राहिला. सर वाट पाहून थकले. आत्याला म्हणाले, "बहनजी, बच्चा कमज़ोर लगता है. अगले साल लाइए."

आत्या घरी आली आणि पोळ्या करायला बसली. दादा भिंतीला टेकून बसला. रडला नाही.

त्या वर्षी रंगपंचमीला माझे बाबा तिच्याकडे आले होते. गाडीत झोप लागली, दचकून जागे झाले आणि एक स्टेशन आधीच, मदनमहालला उतरले. बाहेर पोरांनी एका म्हशीला लाल रंग फासला होता. ती बिथरून बाबांच्या मागे लागली. दादाला हा किस्सा फार आवडायचा.

आत्याने लाटता लाटता तोच किस्सा धरला.

मामा गेला मदनमहाल,
मागं लागली म्हैस लाल.
मामा म्हणे, मागं फिर,
म्हैस म्हणे, मला दे खीर!

सगळे 'म' मुद्दाम घातलेले. पोळपाटावर लाटण्याचा ठेका.

दादाने तिच्या मागून म्हटलं. गाण्यात 'म' अडला नाही.

चमत्कार वगैरे झाला नाही. दादा आजही अडखळतो. पण पुढच्या वर्षी त्याच सरांसमोर त्याने आपलं नाव सांगितलं. वेळ लागला, पण पूर्ण सांगितलं.

गल्लीतली जी पोरं त्याला चिडवायची, तीच मग गाणं शिकायला दारात यायची. पोरं हिंदी बोलणारी. 'म्हैस'ची 'भैंस' झाली, 'मागं'चं 'पीछे' झालं. निम्मे 'म' गळून पडले, यमकही लंगडं झालं. पोरांना त्याचं काय!

बऱ्याच वर्षांनी मीही लग्न होऊन जबलपूरलाच आले. एक दिवस माझी मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या, विजय नगरच्या नर्सरीतून आली आणि म्हणाली, "मम्मी, मैडम ने नया पोएम सिखाया."

मामा, मदन महल, लाल भैंस.

मी आत्याला फोन केला. ती म्हणाली, "अच्छा! तिथवर गेली का म्हैस?"

आणि भाजी जळून राहिली म्हणून फोन ठेवला.

मग मागच्या हिवाळ्यातला तो प्रोग्रॅम.

ओमतीजवळच्या एका हॉलमध्ये मराठी मंडळी जमली होती. बडबडगीतं कुठून आली, यावर बाहेरगावचे एक अभ्यासक बोलणार होते. मी आत्याला आणि दादाला घेऊन गेले.

माणूस छान बोलला. अशी गाणी तोंडोतोंडी जगतात, करणारा कोण ते कळत नाही, खेळात जुन्या भीती लपलेल्या असतात, असं बरंच.

मग म्हणाला, "आता तुमच्याच शहरातलं एक उदाहरण घेऊ."

आणि आत्याचं गाणं म्हटलं.

मदनमहाल म्हणजे टेकडीवरचा जुना किल्ला. मामा म्हणजे पळून आलेला सरदार. लाल म्हैस म्हणजे लाल कोटातली इंग्रज पलटण. खीर म्हणजे खंडणी.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी आत्याकडे पाहिलं. ती मन लावून ऐकत होती.

मनूदादा उठला.

दादा चारचौघांत बोलत नाही. स्वतःच्या मुलीच्या लग्नातही माइक घेतला नव्हता त्याने.

"ते गाणं म... म..."

वक्ते मदत करायला गेले. "मराठ्यांच्या काळातलं, असं म्हणताय का?"

आत्या बसल्या जागेवरून म्हणाली, "थांबा जी. त्याला बोलू द्या."

बराच वेळ गेला.

"माझं आहे," दादा म्हणाला. "आईने माझ्यासाठी केलं."

वक्ते गडबडले. मग आत्याला त्यांनी अगदी आदराने विचारलं, "मग ती लाल म्हैस?"

"रंगपंचमीची होती."

"आणि खीर?"

"'फिर'ला जुळली."

हॉल हसला. वक्तेही हसले. माझी मान खाली होती. मामा म्हणजे माझे बाबा, हे सांगायला ते आता नव्हते.

परतताना ऑटोत आत्या दादाला रागावली. "काहून उठला रे तू? किती छान सांगून राहिला होता तो! किल्ला, पलटण. माझ्या गाण्याला एवढा इतिहास कोण देणार?"

दादा म्हणाला, "खोटा होता ना, आई."

"असू दे की. गाण्याला काय फरक पडते?"

"मला पडते."

कांचघर येईपर्यंत दादाचा हात आत्याने धरून ठेवला होता.

त्या भाषणाचा व्हिडिओ नंतर फिरला. त्यात पलटणीपर्यंतचाच भाग आहे. दादा उठला ते कापलंय. इंग्रजांवरचं जुनं गाणं म्हणून गेल्या आठवड्यात तो मलाच कोणीतरी फॉरवर्ड केला.

मी उत्तर दिलं नव्हतं. आज देते.

हे गाणं किल्ल्यातून आलं नाही. कांचघरच्या एका स्वयंपाकघरातून आलं. शाळेने परत पाठवलेल्या एका मुलासाठी त्याच्या आईने ते केलं. तिचं नाव नलिनी.

दुपारी नर्मदेच्या ग्वारीघाटावर तिला निरोप दिला. दादा ठीक आहे.

नलूआत्या, नमस्कार. सुखाने जा.