निळा माणूस खटक्यावर चढला

कुणी अंगात येण्याच्या, झपाटल्याच्या गोष्टी काढल्या की मी उठून जाणारी बाई. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय...

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. कोपरगावात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत नवऱ्याने कॉम्प्युटर क्लास काढला होता. दुपारी क्लास रिकामा असायचा. तेव्हा मी आणि माझे सासरे एकाच कीबोर्डवर गेम खेळायचो. सासरे म्हणजे अण्णा, साखर कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेले. पडद्यावर दोन बुटके — माझा लाल, त्यांचा निळा. शिड्या चढायच्या, खोकी ढकलायची, खटक्यावर उभं राहून दार उघडायचं. नवीन लग्न होऊन आलेल्या मला त्या घरात पहिला दोस्त मिळाला तो असा.

खेळ सुरू झाला की अण्णा निळ्याला आधी जागच्या जागी दोन उड्या मारायला लावायचे. "जमीन पक्की हाय का बघतो," म्हणायचे.

एका लेव्हलला आम्ही अडकलो. खटका वर, दार खाली. खटक्यावरून पाय काढला की दार बंद.

"अण्णा, तुम्ही वर थांबा. मी एकटी जाऊन बघते ना."

"न्हाई सूनबाई, दोघांनी जायचं. कायतरी वाट आसंलच."

ती वाट सापडायच्या आत अण्णा गेले... झोपेतच.

पुढे नवऱ्याला नगरच्या नागापूर एमआयडीसीत नोकरी लागली. क्लास बंद करून आम्ही नगरला निघालो. सासूबाई मोठ्या दिरांकडे राहणार होत्या. माझा मात्र त्या खोलीतून पाय निघेना. कॉम्प्युटर बांधायच्या आधी, भर दुपारी, मी तीच लेव्हल लावली आणि नुसती बघत बसले.

माझे हात मांडीवर होते. निळ्याने जागच्या जागी दोन उड्या मारल्या. मग शिडी चढून तो खटक्यावर जाऊन उभा राहिला. दार उघडलं.

भीती वाटायला हवी होती, पण मी खुर्ची पुढे ओढून कीबोर्डवर हात ठेवले. लाल माणसाला मी दारापाशी नेलं आणि थांबले. निळा हलेना. शेवटी गेले पलीकडे... आणि लेव्हल सुटली.

सासूबाई आत आल्या तेव्हा मी रडत होते. त्यांना सगळं सांगितलं.

"मग गेलीस का न्हाई तू?" त्यांनी विचारलं.

"गेले."

"बरं केलंस," म्हणाल्या आणि पदराने माझं तोंड पुसलं.

नवऱ्याने कीबोर्ड खोलून पाहिला. एकही बटण अडकलेलं नव्हतं. गेममध्येच काहीतरी गडबड असेल, असं तो अजून म्हणतो. असेलही. पण गडबड शिडी कशी चढते, हे त्यालाही आजवर सांगता आलेलं नाही.