रेवाच्या नाकावरची जाळी

घोडी लग्नाला नाही म्हणत नाही. घोडीला लग्न कळत नाही. हे वाक्य या बडोद्यात मला किती जणांना सांगावं लागलं, आणि त्यात सूटबूट घातलेले, परदेशात शिकून आलेले किती होते, हे आठवलं की अजून डोकं फिरतं. म्हणून नलिनी शितोळेची गोष्ट मी इथूनच सुरू करते.

नलिनी आणि मी कॉलेजात एका बाकावर बसायचो. प्राणिशास्त्र घेतलं होतं दोघींनी. पुढे ती विमा कंपनीत लागली, मी शाळेत. लग्न होऊन ती इथल्या वाडी भागात शितोळ्यांकडे आली. मी समोरच राहते, त्यामुळे त्या घरातलं मला दिसतं आणि न दिसलेलं ऐकू येतं. शितोळे म्हणजे संस्थानाच्या पागेतले. राज्य गेलं, पागा गेली, पण घोड्यातलं आपल्याइतकं कुणालाच कळत नाही ही समजूत काही गेली नाही. नलिनीचे यजमान धनाजीराव जन्मभर पाटबंधारे खात्यात फायली सरकवत होते, तरी मागच्या तबेल्यात एक घोडी कायम असायची. निवृत्त झाल्यावर ते ती वरघोड्याला द्यायला लागले. नवरा मुलगा घोडीवर, पुढे बँड, आणि लगाम धरून रस्त्याच्या मधोमध धनाजीराव. छाती अशी काढलेली, की लग्न त्यांचंच आहे.

गेल्या वर्षी होळीच्या सुमारास त्यांची पांढरी घोडी, रेवा, मान झटकायला लागली. उभी असताना एकाएकी तोंड वर फेकायची, नाकात गांधीलमाशी शिरल्यासारखी. मग फुरफुरायची, नाक पुढच्या पायावर घासायची, पुन्हा झटका. तबेल्यात बरी असायची. उन्हात आणली की सुरू. वारा सुटला की विचारूच नका.

धनाजीरावांनी एका शब्दात निकाल दिला, "खोड!"

खोडीवर पागेतला इलाज ठरलेला होता, जेरबंद. घोड्याच्या छातीपासून हनुवटीपर्यंत ओढून बांधायचा चामड्याचा पट्टा, म्हणजे मान वर जाऊच शकत नाही. शितोळ्यांकडचा जेरबंद त्यांच्या आजोबांच्या वेळचा, पितळी बकलाचा. दसऱ्याला त्याला तेल लावून हळदकुंकू वाहायचे. तो खुंटीवरून उतरवून त्यांनी रेवाला बांधला आणि रोज थोडा थोडा आवळत गेले.

"दोन भोकं आणखी, की चार दिवसांत सुतासारखी सरळ येते बघ," ते नलिनीला म्हणाले.

घोडी सरळ आली नाही. जेरबंद बांधलेला असतानाच एका लग्नात मुलीच्या दारासमोर तिनं मान झटकली, आणि गर्दीतली एक बाई ओरडली, "जुओ, जुओ! घोडी ना पाडे छे!" झालं. घोडी या लग्नाला नकार देतेय. मुलीच्या आईचं तोंड उतरलं, कुणी नारळ ओवाळून फोडला, कुणी मोबाइल बाहेर काढले. लग्नाच्या वराती ठरवून देणारा पीयूष दुसऱ्या दिवशी दारात हजर.

"काका, पुढच्या वेळी असं झालं तर मी दुसरी घोडी बघेन. लोक अपशुकन धरतात."

"पुढच्या वेळी होणार नाही," धनाजीराव म्हणाले. "झालं तर विकून टाकीन."

नलिनीनं हे ओट्यापाशी उभं राहून ऐकलं. ती तडक मागे तबेल्यात गेली, जेरबंद सोडला आणि रेवाला दारापर्यंत आणलं. वारा होता. रेवानं मान फेकली. नलिनीनं पदर दोन्ही हातांनी ताणून तिच्या नाकपुड्यांपुढे आडोशासारखा धरला. घोडी थांबली. पदर बाजूला केला की झटका. पुन्हा धरला की शांत.

मला हाक मारून तिनं ते दाखवलं आणि म्हणाली, "खोड नाही गं. हिला माझं झालंय."

मला लगेच कळलं, कारण तिचं ते सगळं मी पाहिलं होतं. तिशीत नलिनीच्या उजव्या गालात कळा यायला लागल्या. गालाला वारा लागला, दात घासले, तोंडावर पाणी मारलं की वीज चमकल्यासारखी कळ. पंख्याखाली बसली की ती तोंड फिरवायची, आणि सासूबाई पाहुण्यांसमोर म्हणायच्या, "आमच्या सूनबाईंना हवेचंसुद्धा वावडं! नखरे बघा." धनाजीराव हसायचे. दातांच्या एका डॉक्टरनं तिचे दोन चांगले दात उपटले. कळा तशाच. कित्येक वर्षांनी एका मेंदूच्या डॉक्टरनं सांगितलं, की हे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं आहे, आणि गोळ्या दिल्या. तोवर नखरेल म्हणून तिचं नाव झालं ते झालंच. ते कुणी परत घेतलं नाही.

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर विहंग, जनावरांचा, नलिनीनं घरी बोलावला. मुलगा शहाणा. त्यानं आधी रेवाचे दात पाहिले, कान पाहिले, डोळे पाहिले, नाकात काही अडकलंय का ते पाहिलं. काहीच सापडलं नाही तेव्हा म्हणाला, "काकी, हा आजार आहे. चेहऱ्याची नस उगाचच चेकाळते. ऊन, वारा, धूळ, दौड, कशानंही. नाकात शॉक बसल्यासारखं होत असणार. मारून किंवा बांधून ते जात नाही, उलट त्रास वाढतो."

"औषध?"

"पक्कं कुठलंच नाही. नाकावर जाळी बांधून बघा, डोळ्यांवर सावली करा. काही घोड्यांना बराच आराम पडतो, काहींना मुळीच नाही."

नलिनीनं खिडकीला लावायची डासांची जाळी आणली आणि तोंडावरच्या मोरकीला शिवली, नाकपुड्यांवर झालरीसारखी लोंबेल अशी. डोळ्यांवर काळ्या जाळीची झापड. रेवाचं झटकणं थांबलं नाही, पण निम्म्याच्या खाली आलं. धनाजीराव पाहत होते.

"बुरखा घातलाय," ते म्हणाले. "पागेत असलं ध्यान उभं केलं नसतं."

"पागेत किती जनावरं अशी मारलीत, ते कुणी सांगितलंय?" नलिनी म्हणाली.

वैशाखात पीयूषनं एका पार्टी प्लॉटवरचं, म्हणजे भाड्याच्या मैदानावरचं, लग्न दिलं. संध्याकाळची वरात, पण ऊन तोंडावर. लगाम नेहमीप्रमाणे धनाजीरावांच्या हातात, खांद्यावर जेरबंद. नलिनी जाळी बांधून स्वतः घोडीबरोबर चालली, आणि तिला एकटीला सोडायचं नाही म्हणून मीही गेले. फाटकापर्यंत रेवा गुणी मुलीसारखी चालली. तिथे नवऱ्या मुलाचे मामा पुढे झाले. "फोटामां सारुं नथी लागतुं," म्हणजे फोटोत बरं दिसत नाही, असं म्हणत त्यांनी सरळ हात घालून जाळी ओढून काढली आणि वर मण्यांचा झुबका बांधला, नाकावर डुलणारा.

"भाऊ, ती आजारी आहे. जाळी राहू द्या," नलिनी म्हणाली.

"शुभ प्रसंगे आवुं मोढुं ना चाले, बेन."

"आता तुमच्या रीतीप्रमाणे दारात सासू जावयाचं नाक ओढेल, तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवाल. आणि घोडीच्या नाकावर वीतभर जाळी तेवढी अशुभ?"

मामा हसले. आणि वारा आला. रेवानं मान उडवली, मणी नाकावर आपटले, तिनं पुन्हा उडवली. चार लोकांत धनाजीरावांचा चेहरा काळवंडला. जाळी त्यांच्या पायाशी पडली होती, ती उचलायची सोडून त्यांनी खांद्यावरचा जेरबंद काढून बांधला आणि आवळला. मान अडकलेली घोडी काय करणार? नाक जमिनीवर घासायला ती गुडघ्यांवर बसली. नवरा मुलगा घसरून फेट्यासकट खाली. मग काय, "ना पाडे छे, ना पाडे छे!" नलिनीनं धुळीतली जाळी उचलली आणि रेवाला घेऊन घरी आली.

त्याच संध्याकाळी धनाजीरावांनी घोडी विकायला सावली गावच्या एका माणसाला फोन केला. विटांच्या गाड्या हाकायचा तो. वैशाखाच्या उन्हात, भट्टीच्या धुळीत. नलिनी म्हणाली, "तिथे ती मरेल." ते म्हणाले, "विषय संपला." जाळी त्यांनी अंगणात भिरकावली.

सकाळी सावलीहून तो माणूस आला. रेवाला जेरबंद बांधून उन्हात उभं केलं होतं. नलिनी तबेल्याच्या उंबऱ्यावर बसून होती आणि मी तिच्या शेजारी. आमचा दोघींचा मिळून शब्द त्या घरात चालत नव्हता, एवढंच मला त्या क्षणी दिसत होतं.

रेवानं झटका दिला. त्या माणसानं हातातल्या चाबकाचा दांडा सरळ तिच्या नाकावर हाणला. घोडी कण्हली. घोडी कण्हते ते मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

"नखरा छे, साहेब," तो हसत म्हणाला. "पट्टो बे काणां वधारे खेंचो. चार दिवसमां सीधी."

दोन भोकं. चार दिवस. धनाजीराव त्याच्याकडे बघत राहिले. मग घोडीच्या नाकाकडे. मग, खरं सांगते, नलिनीकडे.

"निघा तुम्ही," ते म्हणाले.

"पण साहेब, वात तो..."

"निघा म्हणतो ना! शितोळ्यांच्या दारात घोडीच्या तोंडावर मारता?"

घराण्याचं नाव घेतल्याशिवाय त्यांना माणुसकीही दाखवता येत नाही. असो. माणूस गेला. धनाजीराव बकल सोडायला लागले. ते आवळून आवळून रुतलं होतं, निघेना. नलिनी जागची उठली नाही. बऱ्याच खटपटीनं जेरबंद सुटला.

"अगं, जाळी कुठाय?"

"टाकलीत तिथेच."

त्यांनी ती अंगणातून उचलली, झटकली, रेवाला बांधली.

"उलटी बांधलीत," नलिनी म्हणाली.

त्यांनी सोडून पुन्हा बांधली.

रेवा आता वरघोड्यात जात नाही. ऊन उतरल्यावर जाळी बांधून धनाजीराव तिला फिरवून आणतात. वाईट दिवस येतात, त्या दिवशी ती अंधाऱ्या तबेल्यात उभी असते. पीयूषनं दुसरी घोडी बघितली. तिलाही झुबका बांधतात, तिच्याही कानाशी ते डीजेचे कर्णे लावतात, आणि तिनं मान हलवली की लोक तिच्याकडून लग्नाचं भविष्य ऐकतात.

धनाजीरावांनी माफी मागितलेली नाही. घोडीची नाही, नलिनीची नाही. परवा मात्र जेवायला बसताना त्यांनी आपणहून उठून पंखा बंद केला. मला हे सांगताना नलिनी हसली.

मी नाही हसले.