आण्याच्या बाईला मी काय सांगितलं

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, चारचौघांत तोंड उघडत नाही – पण एकदाच न अडखळता बोलले, तेच सांगायचं आहे.

आम्ही महाळुंगे पडवळचे. तेव्हा गावात मोबाइल नुकते दिसू लागले होते. माझा मुलगा दिवसभर हात धुवायचा, कातडी सोलून रक्त येईपर्यंत. गोळ्यांनी गुण येईना. मग पुण्याच्या एका दवाखान्यात डोक्यावर चुंबकाचं यंत्र धरायचे उपचार सुरू केले. कापाकापी नाही, सुई नाही. नुसतं टक टक वाजायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "लहान मुलांवर हे नवीन आहे. फीट आली, डोकं दुखलं, काहीही झालं तर लगेच सांगा."

आणि झालं. परत येताना मंचरहून जीपमध्ये बसलो, तर पोर ताठ झालं, डोळे फिरले. शेजारचे म्हातारे ओरडले, "अहो बाई, फेफरं आलंय पोराला! जीप थांबवा रं!" मी म्हटलं, "ऊन लागलंय त्याला." ऊन कुठलं? दिवस मावळायला आला होता.

का लपवलं? त्याचे हात भरत आले होते. त्या आठवड्यात तो कधी नव्हे ते माझ्या ताटात जेवला होता. सांगितलं तर यंत्र बंद होईल – एवढंच डोक्यात होतं. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मी मान हलवली. काही नाही. पोरालाही गप्प बसवलं.

इथवर असतं तर माझ्या पोराचं मी बघितलं, असं म्हणता आलं असतं. पण त्याच दिवशी दवाखान्यातल्या बाकावर एक बाई भेटली. आण्याची, आमच्याच भागातल्या आणे गावची. मुलगी मांडीशी चिकटलेली, महिनोन्‌महिने न बोललेली.

"तुमी महाळुंग्याच्या ना, ताई? मंजी आपल्याकडच्याच. डॉक्टर हिलाबी यंत्र लावा सांगत्यात, पर मला लई भ्या वाटतं. तुमच्या पोराला काय झालं का? खरं सांगा हां."

मी काय म्हटलं? "काही होत नाही. टिचकी मारल्यासारखं लागतं. बसवा बिनघोर." डॉक्टरीणबाई दाराशीच होत्या. खरं बोलले असते तर त्यांनी ऐकलं असतं ना?

ती हसली. मुलीचा हात धरून आत गेली.

ती बाहेर येईपर्यंत मी थांबले नाही. पुढे आमचा वार बदलून मागितला – गाडीची अडचण सांगून. ती पुन्हा समोर येऊ नये म्हणून. माझ्या मुलाला परत फीट आली नाही. आता तो नारायणगावात टोमॅटोच्या गाळ्यावर कामाला आहे, हात चांगले आहेत.

त्या मुलीला काही झालं असेल, नसेलही. मला माहीत नाही. पण तिच्या आईनं विचारलं, तेव्हा मला माहीत होतं.