बाईंनी वाढवलेली कातडी

बाई भित्र्या होत्या आणि ते त्या लपवत नसत. सांगलीतल्या एका औषध कंपनीच्या मागच्या अंगाला आमची छोटी प्रयोगशाळा होती; बाई तिच्या प्रमुख, मी त्यांचा मदतनीस. रोज सकाळी त्या उबेच्या कपाटासमोर थांबत, हात चोळत आणि म्हणत, "संपत, मला भीती वाटतेय. तूच उघड." आत काचेच्या ताटल्यांमध्ये माणसाची कातडी वाढत असायची. एकदा बुरशी धरली की कित्येक दिवसांची मेहनत वाया. वीज गेली आणि जनरेटर लवकर सुरू झाला नाही, तर घरातलं तान्हं मूल तापानं फणफणल्यासारखा बाईंचा चेहरा होई.

ही कातडी यायची शस्त्रक्रियेत कापून उरलेल्या तुकड्यांतून. बाई स्वतः पेशंटच्या खाटेपाशी जाऊन ती मागत. न विचारता आणलेला तुकडा त्यांनी एकदा परत पाठवला होता. तुकड्यातल्या पेशी मऊ थरावर पेरायच्या, खालून पोषक पाणी द्यायचं आणि काही दिवसांनी वरची बाजू हवेला उघडी करायची. मग थरावर थर चढत, वरचा कोरडा होई आणि आपल्या हातावर असते तशी कातडी तयार होई. तापात ओठांवर फोड आणणारा विषाणू आम्ही तिच्यावर सोडायचो आणि त्यावर कंपनीचं मलम लावून बघायचो.

मला त्या विषाणूची धास्ती होती. घरी लहान मुलगी होती. साबणानं हात सोलून निघेपर्यंत धुतल्याशिवाय मी तिला उचलत नसे. पण कामावर मात्र तोऱ्यात वावरायचो. एकदा हातमोज्यांशिवाय ताटली उचलली, तर बाई कडाडल्या, "ज्याला भ्या वाटत न्हाई त्यानं माझ्या टेबलापाशी यायचं न्हाई!" फलटणकडच्या उसाच्या शेतातलं त्यांचं माहेर रागात असं बोलण्यात यायचं.

पुढं एक नवं मलम तपासायला आलं. त्याच्याखाली कातडी शाबूत राहिली. कंपनीच्या साहेबांनी पेढे वाटले. बाईंनी पेढा तसाच टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "ताटलीतल्या कातडीला दुखत नाही. इतक्यात नाचू नका."

त्याच आठवड्यात साताऱ्याहून भावाचा फोन आला. आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, कपाळावर नागीण उठली होती. फोड नाकापर्यंत आले होते आणि डोळा मिटला होता. आबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. दवाखान्यात जायला तयार नव्हते. आत्यानं गेरू लावला होता. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, एवढीच घरात सगळ्यांना भीती. सगळे शेपटीवर नजर ठेवून बसले होते.

मी धावत बाईंकडे गेलो. "बाई, आबांना नागीण उठलीय, पार डोळ्यापाशी. ते नवं मलम द्या."

"नाही."

"ताटलीत चाललंय की!"

"ताटलीत चाललंय. नागीण कातडीवर दिसते रं, पण येते आतल्या मज्जातंतूतून. मी वाढवलेल्या कातडीत तो तंतूच न्हाई. आणि आपला विषाणू नागिणीचा भाऊबंद, नागीण नव्हे. डोळ्याशेजारी काय होईल, मला ठाऊक नाही."

"तुम्हाला माणसापेक्षा ताटल्या जवळच्या!" मी ओरडलो. हे वाक्य मी कधी परत घेतलं नाही. आता बाई नाहीत आणि ते माझ्यापाशीच राहिलंय.

त्यांनी फक्त विचारलं, "फोड नाकाच्या शेंड्यावर आहेत?"

"हो."

बाईंचा चेहरा उतरला. "मग डोळ्यात उतरतीय. चल." ताटल्या तशाच सोडून त्या माझ्याबरोबर एसटीत बसल्या. साताऱ्यापर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसलो.

आबा खाटेवर पडले होते, अर्धा चेहरा गेरूनं लाल. आत्या दारातच म्हणाली, "आवं बाई, नागिणीला सुया टोचल्या की ती उलटती. न्यायचं न्हाई कुठं."

"लढाई बघितलीया म्या," आबा गुरगुरले. "फोडांना काय भ्यायचं?"

बाई खाटेच्या कडेला बसल्या. "आबा, मला लय भ्या वाटतंय. तुमचा डोळा जाईल म्हणून. तुमाला न्हाई वाटत?"

 आबांनी चाचपडत माझा हात धरला. "वाटतंय की," ते म्हणाले. "रातच्यापास्नं वाटतंय."

जन्मात पहिल्यांदा मी हे त्यांच्या तोंडून ऐकलं. आत्यानं गेरूची वाटी खाली ठेवली आणि त्यांचा सदरा आणायला आत गेली.

दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी लगेच गोळ्या सुरू केल्या. डोळा राहील की नाही, ते मात्र सांगेनात. आबांच्या वेदना बघवत नव्हत्या. बाई सांगलीहून येत, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसत आणि आबांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत.

सूज उतरली त्या सकाळी डॉक्टर यायच्या आत त्या उठल्या.  आबांचा चांगला डोळा त्यांनी तळव्यानं झाकला आणि विचारलं, "आबा, काय दिसतंय?"

आबा आजारी डोळ्याची उघडझाप करत राहिले. मी खाटेचा दांडा घट्ट धरला होता.

"धुरकट हाय," आबा म्हणाले. मग थोडं पुढं वाकले. "आवं बाई... तुमी रडताय कशापायी?"