शहाळ्याच्या पाण्याचा बर्फ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या बायकोची, वासंतीची, स्तनाच्या कॅन्सरवर केमो चालू आहे. केमोच्या दिवशी मी तिला दवाखान्याच्या दाराशी सोडतो आणि खाली गाडीतच बसून राहतो. वर जायची भीती वाटते. सांगतो मात्र, गाडी लावायला जागा मिळत नाही.

काल तिचा थर्मास गाडीत राहिला, तेव्हा वर जावंच लागलं. तो नर्सबाईंकडे दिला आणि दाराआडून बघत राहिलो. डोक्याला रुमाल, एका हाताला सलाईन, आणि दुसऱ्या हाताने वासंती शेजारच्या खुर्च्यांवरच्या बायकांना थर्मासमधला शहाळ्याच्या पाण्याचा बर्फ वाटत होती.

"चावू नकोस गं, चघळ. तोंड कमी येतं."

हळदीकुंकवाला बायका जमाव्यात तशी ती खोली झाली होती. मला वाटायचं, हे दिवस नुसते ढकलायचे असतात. ती तर ते जगत होती.

"काकू, तुमचे मिस्टर कुठेत?" एका मुलीने विचारलं.

"खाली. गाडीला एकटं सोडवत नाही त्यांना!"

सगळ्या हसल्या. म्हणजे तिला ठाऊक होतं. लाज वाटलीच, पण त्याहून जास्त अभिमान वाटला, की ही माझी बायको.

तरीही मी तसाच खाली उतरलो. तिच्या शेजारच्या खुर्चीत बसणं, एवढं मी तिचं अजून देणं लागतो.